साखरेच्या कवट्या

इ.स. १९१३ च्या जानेवारी महिन्याच्या २० व्या तारखेस मेक्सिको शहरांत होसे ग्वादालूपे पोसादा नांवाचा एक खोदकाम करणारा कारागीर वारला. वय साठ, पाठीमागें रडणारें कोणी नाहीं, एकुलता मुलगा कांहीं वर्षांपूर्वींच गेलेला. दोलोरेस नांवाच्या सार्वजनिक दफनभूमींत सहाव्या वर्गाच्या, म्हणजे अगदीं गोरगरिबांच्या जागेंत, त्याला पुरण्यांत आलें. अशा जागेची मुदत सात वर्षांची असे. ती संपली तेव्हां त्याच्या अस्थींवर हक्क सांगण्यास कोणी आलें नाहीं, आणि त्या उकरून इतर बेवारशी हाडांबरोबर एका सामाईक खड्ड्यांत टाकण्यांत आल्या. ज्या माणसाच्या हातची एक कवटी आज मेक्सिको देशाची जणूं दुसरी राजमुद्रा होऊन बसली आहे, त्या माणसाची स्वतःची कवटी कोठें आहे हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

ही गोष्ट कोणत्याही देशांत घडली असती तरी दुःखाचीच. पण मेक्सिकोंत तिला विशेष कडवटपणा येतो. कारण मृतांचें स्मरण हाच तेथील वर्षांतला एक अत्यंत मोठा सण आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या व दुसऱ्या तारखेस हा 'मृतांचा दिवस' पाळतात. पहिल्या दिवशीं बालपणींच वारलेल्या मुलांचे आत्मे घरीं येतात, दुसऱ्या दिवशीं प्रौढांचे, अशी समजूत आहे. घरांत एका मेजावर, कोठें कोठें पायऱ्यापायऱ्यांच्या उतरंडीवर, एक वेदी मांडतात. तिला 'ओफ्रेंदा', म्हणजे अर्पण, असें म्हणतात. तीवर गेलेल्यांच्या तसबिरी असतात. लांबच्या प्रवासानें तहानलेल्या आत्म्यासाठीं पाण्याचा पेला, शेजारीं मीठ, मेणबत्त्या, कोपाल नांवाच्या राळेचा धूप, आणि ज्यावर हाडांच्या आकाराच्या कणकेच्या वळ्या बसविल्या आहेत असा गोड पाव. याखेरीज ज्याचें जें आवडतें तें: आजोबांच्या विड्या, आजीच्या हातचें म्हणून घराण्यांत चालत आलेलें मिरच्यांचें घट्ट कालवण, एखाद्या मुलाचा लांकडी भोंवरा. आत्मा तें अन्न खात नाहीं, त्याचा केवळ सुवास घेतो. मागाहून घरचे लोक व शेजारीपाजारी तें वांटून खातात, आणि त्या अन्नाची चव खरोखरच उडालेली असते असें शपथेवर सांगणारे आहेत. वाचकांस येथें आपला पितृपंधरवडा आठवेल. आठवण्यास हरकत नाहीं. मात्र 'हें तर मूळचें आमचेंच' असें लगेच म्हणून टाकण्याची जी आपली जुनी खोड आहे, ती तूर्त आवरलेली बरी. आपलें तेथें काय गेलें आणि तेथलें आपल्याकडे काय आलें याचा हिशेब त्याहून अधिक मौजेचा आहे.

या सणाचें फूल झेंडू. दसऱ्याला ज्या फुलांच्या तोरणावांचून आपल्या घराचा उंबरठा ओका वाटतो, तेंच फूल. या फुलाच्या पाकळ्या रस्त्यापासून दारापर्यंत आणि दारापासून वेदीपर्यंत अंथरून वाट आंखतात; वर्षभरानें परतणाऱ्या आत्म्याची दृष्टि मंदावलेली असते, त्याला त्या पिवळ्याजर्द रंगानें व उग्र वासानें आपलें घर सांपडावें हा हेतु. झेंडू आपल्या सणांत इतका मुरला आहे कीं तो परदेशचा आहे असें सांगितलें तर आजही पुष्कळांस तें खरें वाटत नाहीं. परंतु त्याची जन्मभूमि मेक्सिको हीच होय, आणि सोळाव्या शतकापूर्वीं हिंदुस्थानांत तो नव्हता. युरोपियनांच्या जहाजांतून तो येथें आला. मेक्सिकोच्या नाहुआ लोकांच्या भाषेंत त्याचें नांव 'सेंपोआलशोचित्ल', म्हणजे 'वीस-फूल' असें आहे. आजच्या स्पॅनिश बोलींत त्याचें 'सेंपासूचिल' झालें. ते लोक विसाच्या पटींत मोजीत, त्यामुळें वीस म्हणजे पुरी गणती, पुष्कळ. आपल्याकडील जुन्या माणसांना, जीं अजूनही आंबे व भाकऱ्या विसांनीं मोजतात, त्यांना हें नांव विनासायास समजेल.

याच्या उलट दिशेनें साखर गेली. मृतांच्या सणांत साखरेच्या कवट्या, साखरेच्या शवपेट्या, साखरेचीं मेंढरें व बदकें यांचा बाजार भरतो. मेक्सिको शहराच्या पश्चिमेस असलेलें तोलूका हें गांव या कामासाठीं प्रसिद्ध आहे. तेथें दर वर्षीं या वस्तूंची मोठी जत्राच असते. मातीच्या दोन अर्ध्या साच्यांत साखरेचा पाक ओतावयाचा, कडेचा थर घट्ट झाला कीं मधला पाक परत काढून घ्यावयाचा, म्हणजे आंतून पोकळ कवटी निघते. मग तीवर रंगीत साखरेच्या नक्षीच्या ओळी, डोळ्यांच्या खोबणींत चकाकणारा वर्ख, आणि कपाळावर नांव. आपल्याकडे पाडव्याला गुढीवर चढणाऱ्या साखरेच्या गाठी ज्यांनीं तयार होतांना पाहिल्या असतील, त्यांना ही कारागिरी परकी वाटणार नाहीं. या साखरकामास स्पॅनिशांत 'आल्फेनिके' म्हणतात. हा शब्द स्पेनला अरबांकडून मिळाला. अरबांचा 'फानीद' फारसींतील 'पानीद' वरून आला. आणि तो फारसी शब्द संस्कृत 'फाणित' या शब्दाचें रूपांतर होय. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला उसाचा रस. चरकसंहितेंत उसापासून होणाऱ्या पदार्थांत त्याचा उल्लेख आहे. असा हा शब्द पदार्थासह इराण, अरबस्तान, स्पेन असे मुक्काम करीत अटलांटिक महासागर ओलांडून तोलूकाच्या बाजारांत मृताच्या कवटीला जाऊन चिकटला. मात्र हा प्रवास केवळ भाषाशास्त्रज्ञाच्या करमणुकीचा नव्हे. मेक्सिकोंत ऊस नेला तो स्पॅनिश विजेत्यांनीं. खुद्द एर्नान कोर्तेसनें तेथें साखरेचे कारखाने घातले, आणि ते चालले आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या व जिंकलेल्या रहिवाशांच्या श्रमावर. त्या कवटीच्या गोडीमागें किती खऱ्या कवट्या आहेत याचा हिशेब कोणत्याही वेदीवर मांडलेला नसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा सण किती जुना? मेक्सिकोंत कोणालाही विचारा, प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत पाहा, उत्तर एकच: तीन हजार वर्षांची अखंड आझ्टेक परंपरा. या उत्तरांत सत्याचा अंश आहे, पण तो समजला जातो त्याहून पुष्कळ लहान आहे. आझ्टेक लोकांच्या पंचांगांत मृतांचे दोन सण होते, एक लहानांचा व एक मोठ्यांचा. ते साधारणतः आपल्या ऑगस्ट महिन्याच्या सुमारास येत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिएगो दुरान नांवाच्या दोमिनिकन भिक्षूनें त्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. दुरान बालपणापासून मेक्सिकोंत वाढलेला, नाहुआ लोकांची भाषा जाणणारा, आणि स्वभावानें संशयी. त्यानें पाहिलें कीं ख्रिस्ती झालेले हे लोक नोव्हेंबरांत सर्व संतांच्या दिवशीं मुलांसाठीं मेणबत्त्या, फळें व अन्न अर्पण करतात, आणि दुसऱ्या दिवशीं मोठ्यांसाठीं; यावरून त्यांनीं आपला जुना सणच नव्या तारखेच्या पांघरुणाखालीं लपविला आहे असा तर्क त्यानें बसविला. हा तर्क हीच आजच्या सगळ्या 'आझ्टेक परंपरे'ची मुख्य आधारशिला. गंमत अशी कीं दुरानला हें उघडकीस आणावयाचें होतें तें निर्मूलनासाठीं. त्याच्या चहाडीचा उपयोग आज अभिमानाचें प्रमाणपत्र म्हणून होतो.

परंतु दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच वजनदार आहे. सर्व मृतात्म्यांसाठीं २ नोव्हेंबर हा दिवस फ्रान्समधील क्ल्यूनीच्या मठानें दहाव्या शतकाच्या अखेरीस ठरविला, आणि तेथून तो साऱ्या कॅथॉलिक जगांत पसरला. गोव्यांतील कबरींवर त्या दिवशीं लागणाऱ्या मेणबत्त्या त्याच पंचांगाच्या आहेत. स्पेनमध्यें या दिवशीं कबरीवर पाव, मद्य व दिवे नेण्याची चाल होती, आणि बदामाच्या पिठीचीं 'संतांचीं हाडें' या नांवाची मिठाई तेथें आजही खातात. सिसिली बेटांत तर मृतांच्या दिवशीं मुलांना साखरेच्या रंगीत बाहुल्या मिळतात, आणि त्या मृत नातलगांनींच रात्रीं आणून ठेवल्या असें त्यांना सांगतात. सिसिलींत आझ्टेक कधीं गेले नव्हते. इ.स. १७६० च्या दशकांत मेक्सिकोस आलेला फ्रान्सिस्को दे आखोफ्रीन नांवाचा स्पॅनिश कापुचिन भिक्षु राजधानीच्या बाजारांत या सणासाठीं विकल्या जाणाऱ्या साखरेच्या शवपेट्या, भिक्षु व जोगिणी यांचें वर्णन करतो. म्हणजे साखरेचें हें काम त्या वेळीं शहराच्या भरवस्तींत, स्पॅनिश गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत चालत होतें. एल्सा माल्व्हीदो या मेक्सिकन इतिहासकार विदुषीनें याच आधारावर हा सण मुळांत युरोपीय व ख्रिस्ती आहे असें निक्षून सांगितलें, आणि स्वदेशांत बराच रोषही ओढवून घेतला.

कवटीविषयीं तर भ्रम अधिक आहे. आझ्टेक राजधानींतील 'त्सोम्पांत्ली', म्हणजे कवट्यांचें मखर, हें प्रसिद्ध आहे. मेक्सिको शहराच्या मुख्य ख्रिस्तमंदिरामागें त्याचे अवशेष २०१५ सालीं उत्खननांत सांपडले. त्या कवट्या पाहून साखरेच्या कवटीशीं त्यांचें नातें जोडण्याचा मोह कोणासही होईल. पण त्सोम्पांत्लीवरील कवट्या देवास बळी दिलेल्यांच्या होत्या. त्या घरच्या लाडक्या आजोबांच्या नव्हत्या. आणि त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. याच्या उलट, मध्ययुगीन युरोपांत राजा, धर्मगुरु व शेतकरी या सर्वांना हाताला धरून नाचविणारा सांगाडा भिंतींवर व पुस्तकांत सर्वत्र होता. ती चेष्टा स्पॅनिशांबरोबर नव्या जगांत आली. इ.स. १७९२ मध्यें होआकीन बोलान्योस या भिक्षूनें मेक्सिकोंत मृत्यूचें एक विनोदी चरित्रच प्रसिद्ध केलें. त्यांतील चित्रांत मृत्यु हा सांगाड्याच्या रूपानें संसारी माणसासारखा वावरतो. आमचें मत असें कीं साखरेच्या कवटीचें हंसणें या घराण्यांतून आलें आहे. झेंडूची वाट, कोपालचा धूप व मक्याचें अन्न हीं मात्र त्या भूमीचीं स्वतःचीं होत.

याच हंसऱ्या सांगाड्याच्या घराण्यांत पोसादा जन्मास आला. आग्वासकालिएन्तेस गांवीं १८५२ सालीं त्याचा जन्म झाला. लेओन शहरांत त्यानें छापखान्याचें काम केलें. १८८८ सालीं तेथें मोठा पूर आल्यावर तो राजधानींत आला आणि आंतोनिओ व्हानेगास आरोयो या प्रकाशकासाठीं काम करूं लागला. व्हानेगासचा धंदा म्हणजे स्वस्त रंगीत कागदावर छापलेलीं एकपानी पत्रकें: खून, चमत्कार, भूकंप, फांशीची शिक्षा, धूमकेतु, संतांच्या प्रार्थना, प्रेमपत्रांचे मसुदे. फेरीवाले तीं रस्त्यांतून ओरडत विकीत. दर नोव्हेंबरांत यांत कवट्यांच्या पत्रकांची भर पडे. त्यांवर जिवंत पुढाऱ्यांना, वर्तमानपत्रांना, व्यापाऱ्यांना मेलेले कल्पून त्यांच्या थडग्यावर लिहिल्यासारखीं टवाळखोर पद्यें असत, आणि वरतीं सांगाड्यांचें चित्र. ही प्रथा पोसादाची नव्हे. त्याच्या आधीं त्याच छापखान्यांत मान्युएल मानिया हा अशा कवट्या काढीत असे. पण मानियाचे सांगाडे सांगाडेच राहतात, पोसादाचे माणसें होतात. सायकलवरून धांवणारे, गिटार वाजविणारे, सुरा उपसून गर्दींत उडी घेणारे, डॉन किक्झोटच्या आवेशानें घोडा फेंकणारे हे सांगाडे पाहिले म्हणजे मांस ही एक अनावश्यक वस्तु असून स्वभाव हा हाडांतच असतो कीं काय अशी शंका येते. जस्ताच्या पत्र्यावर आम्लास दाद न देणाऱ्या शाईनें चित्र काढावें, आम्लांत बुडवून उरलेला भाग झिजवावा, आणि खिळ्यांच्या टाइपाबरोबर छापावें, ही त्याची पद्धत झपाट्याची होती. उद्यां सकाळीं पत्रक रस्त्यावर गेलेंच पाहिजे. आपण कलावंत आहों असें त्याला कधीं वाटलें असेल असें दिसत नाहीं. त्याच्या दुकानाच्या खिडकींतून डोकावणाऱ्या शाळकरी मुलांत होसे क्लेमेंते ओरोस्को नांवाचा एक मुलगा होता. पुढें मोठा भित्तिचित्रकार झाल्यावर त्यानें आपल्या आत्मचरित्रांत ही आठवण नमूद केली आहे.

पोसादाच्या मृत्यूनंतर, त्याच १९१३ सालीं, त्याच्या एका कवटीचें पत्रक निघालें. फुलें व पिसें खोंचलेली भली थोरली फ्रेंच टोपी, आणि तिच्याखालीं दांत काढून हंसणारी एका बाईची कवटी, एवढेंच. हिचें नांव 'गार्बान्सेरा', म्हणजे चणेवाली. मूळच्या रहिवाशांच्या रक्ताच्या ज्या गरीब मुली बाजारांत बसत वा मोलकरणीचें काम करीत, आणि तोंडाला पावडर फांसून आपण युरोपियन आहों असा आव आणीत, त्यांच्यावर हा टोमणा होता. हल्लीं सर्वत्र असें सांगतात कीं पोसादानें या चित्रांत पोर्फीरिओ दीआसच्या राजवटींतील श्रीमंत बायकांची थट्टा केली. पत्रकावरील मजकूर वाचला तर तसें नाहीं. थट्टा केली ती गरीब मुलींची, आणि तिच्यांत दया फारशी नाहीं. आपल्याकडे इंग्रजी राज्याच्या पहिल्या अमदानींत नव्या तऱ्हेचे बूट व छत्री घेणाऱ्या कारकुनांची जी टवाळी होई, तिच्याच जातीची ही म्हणावी. प्रस्तुत लेखकाचें सारें शिक्षण इंग्रजींत झालें असल्यामुळें ही चणेवालीची टोपी त्याला आपल्याही डोक्यावर थोडीशी जाणवते हें तो कबूल करतो.

क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला स्वतःचे असे पूर्वज हवे होते. १९२० नंतरच्या दशकांत फ्रान्सहून आलेला चित्रकार ज्याँ शार्लो यानें विसरलेल्या पोसादाचीं पत्रकें हुडकून त्यांवर लिहिलें; १९३० सालीं त्याच्या कामाचें पहिलें मोठें पुस्तक दिएगो रिव्हेराच्या प्रस्तावनेसह निघालें. आणि १९४७ सालीं रिव्हेरानें राजधानींतील देल प्रादो या हॉटेलांत सुमारें पन्नास फूट लांबीचें भित्तिचित्र पुरें केलें. विषय, आलामेदा नांवाच्या बागेंतील रविवारची दुपार. तींत मेक्सिकोच्या चारशें वर्षांच्या इतिहासांतील माणसें फिरावयास आलीं आहेत. मधोमध ती टोपीवाली कवटी. पण आतां तिला अंग आलें आहे, पायघोळ झगा आला आहे, खांद्यावरून पिसांचा सर्प लोंबतो आहे. तो आझ्टेकांच्या सर्परूप देवाची खूण. एका हातानें तिनें बालरूपांतील रिव्हेराचा हात धरला आहे, दुसऱ्या बाजूस तिच्या हातांत हात घालून, काळा पोशाख केलेला, सभ्य, स्थूल पोसादा उभा आहे. बेवारशी खड्ड्यांत गेलेल्या माणसाला त्याच्याच कल्पनेच्या हातीं हात देऊन देशाच्या इतिहासाच्या मध्यभागीं उभें करावें, हें रिव्हेराचें ऋणफेडीचें कृत्य मोठें खरें. पण त्यानें चणेवालीची 'कात्रीना', म्हणजे नटवी सरदारीण, केली, आणि जी मूळची आपलें रक्त लपविणारी म्हणून हंसण्याचा विषय होती, तिलाच मूळ रक्ताच्या अभिमानाची देवता बनविलें. त्या चित्रांतील 'ईश्वर नाहीं' या शब्दांवरून धर्माधिकारी खवळले आणि चित्र कित्येक वर्षें झांकून ठेवावें लागलें. रिव्हेरानें १९५६ सालीं ते शब्द खोडले तेव्हां तें पुन्हा उघडलें. १९८५ च्या भूकंपांत तें हॉटेल मोडकळीस आलें, पण भिंत वांचली. ती उचलून बागेशेजारीं तिच्यासाठीं बांधलेल्या इमारतींत नेली आहे.

तेथून पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. शाळांनीं, सरकारी संग्रहालयांनीं व प्रवासी खात्यानें हा सण उचलून धरला. २००८ सालीं युनेस्कोच्या यादींत तो गेला. २०१३ सालीं डिस्ने कंपनीनें या सणाच्या नांवावरच व्यापारी हक्क नोंदविण्याचा अर्ज केला आणि ओरड झाल्यावर परत घेतला. २०१५ च्या एका जेम्स बाँड चित्रपटाच्या आरंभीं मेक्सिको शहरांतून प्रचंड सांगाड्यांची मिरवणूक जातांना दाखविली होती. अशी मिरवणूक त्या शहरांत पूर्वीं कधीं निघत नसे. चित्रपट पाहून आलेले प्रवासी ती कोठें आहे असें विचारूं लागतील, म्हणून २०१६ च्या २९ ऑक्टोबरला अधिकाऱ्यांनीं ती खरोखर काढली, आणि आतां ती दर वर्षीं निघते. पांचपन्नास वर्षांनीं तीही तीन हजार वर्षांची होईल यांत आम्हांस संशय नाहीं.

मग हें सगळें बनावट म्हणून सोडून द्यावें काय? कित्येक विद्वानांच्या लेखणींतून असा सूर निघतो खरा, पण आम्हांस तो पटत नाहीं. सणाचें वय पाहून त्याचा खरेपणा ठरवावयाचा तर झेंडूचें तोरण आजच उतरविलें पाहिजे. पाहावयाचें तें असें कीं ही वस्तु कोणासाठीं केली आहे. मिरवणुकींतील वीस फूट उंच सांगाडा कोणाचाच नव्हे. त्याला नांव नाहीं. वेदीवरील प्रत्येक वस्तु कोणा एकाची आहे. पुएब्ला प्रांतांतील उइश्कोलोत्ला या गांवचे कारागीर पातळ रंगीत कागदाचे पुष्कळ ताव एकावर एक ठेवून बारीक छिन्न्या व हातोडीनें त्यांत सांगाड्यांची, फुलांची जाळी कोरतात. त्या कागदाला तेथें 'चिनी कागद' म्हणतात. फिलिपाइन्सच्या मनिला बंदरांतून १५६५ ते १८१५ पर्यंत जीं स्पॅनिश गलबतें मेक्सिकोस जात, त्यांच्या मालांतून अशा कागदाची ओळख तेथें झाली. हीं तोरणें वाऱ्यानें फाटतात, मेणबत्तीनें जळतात, आठवड्यांत संपतात. पाव खाऊन संपतो, साखर मुलांच्या तोंडांत विरते, पाकळ्या झाडून काढतात. पुढल्या वर्षीं पुन्हा सर्व नवें. राजधानींतील पेद्रो लिनारेस (१९०६–१९९२) हा कागदाच्या लगद्याच्या आकृत्या करणारा कसबी. त्याच्या घराण्यानें पोसादाचे सांगाडे कागदांत उभे केले, आणि अणुयुद्धानें होणाऱ्या जगाच्या संहाराचा त्यांचा एक मोठा देखावा आज ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत आहे. तेथें तो नीट जपला जाईल. पण या कलेचा स्वभाव जपला जाण्याचा नव्हे, खर्ची पडण्याचा आहे.

आणि साखरेच्या कवटीवर जें नांव असतें तें बहुधा मेलेल्याचें नव्हे, जिवंताचें. मित्र मित्राला, प्रियकर प्रेयसीला, भाऊ बहिणीला तिच्याच नांवाची कवटी भेट देतो, आणि ती हंसत हंसत आपलें कपाळ खाते. मेक्सिकन माणूस मृत्यूला भीत नाहीं, त्याच्याशीं खेळतो, असें यावरून पुष्कळांनीं लिहिलें. ओक्ताव्हिओ पास यांच्या १९५० च्या प्रसिद्ध ग्रंथानें तर त्याला राष्ट्रीय स्वभावाचेंच रूप दिलें. हें मत आम्हांस अतिशयोक्त वाटतें. कांपेचे प्रांतांतील पोमुच या माया लोकांच्या गांवीं पुरल्यानंतर कांहीं वर्षांनीं अस्थि बाहेर काढून लांकडी पेटींत ठेवतात, आणि दर वर्षीं सणापूर्वीं घरची माणसें जाऊन एकेक हाड कुंचल्यानें स्वच्छ करतात, भरतकामाचें नवें फडकें घालतात, कवटी सर्वांत वर ठेवतात. तेथें थट्टा नाहीं. आईचे केस विंचरावे तसें तें काम चालतें. आणि अनेक गांवांतून थोड्याफार फरकानें सांगितली जाणारी एक कथा आहे. एका माणसानें आईबापांसाठीं वेदी मांडण्याचा आळस केला, दिव्याच्या जागीं नुसतें एक जळतें लांकूड ठेविलें. त्या रात्रीं त्यानें परत जाणाऱ्या आत्म्यांची रांग पाहिली: सगळे भरल्या टोपल्या घेऊन आनंदानें चाललेले, आणि शेवटीं त्याचे आईबाप, रित्या हातांनीं, तेंच लांकूड धरून, बोटें भाजत. तो धांवत घरीं आला, पण दुसरें वर्ष पाहण्यास तो उरला नाहीं. ज्या लोकांत ही कथा मुलांना सांगतात ते मृत्यूला भीत नसतील. मृतांना विसरण्याला मात्र नक्कीच भितात.

म्हणूनच त्या देशांत आज जें घडत आहे तें पाहून मन सुन्न होतें. गुन्हेगारांच्या टोळ्या व त्यांना सामील झालेले अधिकारी यांच्यामुळें नाहींशा झालेल्या माणसांची सरकारी नोंद मे २०२२ मध्यें एक लाखाच्या वर गेली. २०१४ च्या सप्टेंबरांत आयोत्सीनापा येथील शिक्षकी विद्यालयाचे त्रेचाळीस विद्यार्थी एका रात्रींत नाहींसे झाले, हें जगाला ठाऊक आहे. बाकीच्यांचीं नांवें त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. आपल्या धर्मशास्त्रानें बेपत्ता माणसासाठीं बारा वर्षें थांबून, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचें दहन करण्याची सोय ठेविली आहे. मेक्सिकोच्या वेदीपाशीं अशी सोय नाहीं. तसबीर वेदीवर ठेवली कीं तो मेला असें मान्य केल्यासारखें होतें. न ठेवावी तर तो मेला असेल आणि रित्या हातांनीं परत जाईल. कित्येक माता ती ठेवण्याचें साफ नाकारतात. शनिवार-रविवार त्या टोळ्या करून ओसाड माळांवर जातात; मुठीची लांब पोलादी सळई जमिनींत ठोकतात, ओढून काढतात, आणि तिचें टोंक नाकाशीं नेऊन हुंगतात. खालीं कोणी असेल तर मातीचा वास निराळा येतो. कोणाच्या मुलाचीं हाडें लागलीं तर पुढल्या नोव्हेंबरांत त्याची तसबीर वेदीवर येते, पाण्याचा पेला येतो, वाटेवर पाकळ्या पडतात. तोंवर ती तसबीर घरांत दुसऱ्या एका भिंतीवर लटकत असते.